ज्याची बॅग त्यानेच चढवायची

बॅगबाईंना बॅगबाई हे नाव कोणी ठेवलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या माणसाशी त्या पुढे कितीतरी दिवस बोलल्या नव्हत्या. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. कचेरीत, विमानतळावर, त्यांच्याबरोबर एकदा सहलीला जाऊन आलेल्या घराघरांत, सगळीकडे बॅगबाई. शेवटी त्यांनीही नाद सोडला. नावाला कशाला भ्यायचं, म्हणाल्या, मी काय कोणाची बॅग पळवलीय?

त्यांचं काम होतं माणसांना परदेशात नेऊन सुखरूप परत आणायचं. तेही कुठे, तर उष्ण, दमट देशांत, जिथे सकाळी ऊन भाजून काढतं, दुपारी पाऊस झोडपतो आणि संध्याकाळी डास उरलंसुरलं बघून घेतात. कचेरीतले बाकीचे सहलप्रमुख थंड देश मागून घ्यायचे. बॅगबाईंनी ते कधी मागितले नाहीत. बर्फात माणूस गप्प बसतो, त्यात काय मजा, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांचा एक नियम होता. सहलीच्या आधीच्या शनिवारी प्रत्येकाने आपली भरलेली बॅग घेऊन कचेरीत यायचं. कचेरी तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती, चांगली चालू लिफ्ट, पण त्या सकाळी बॅगबाई तिच्या दारासमोर खुर्ची टाकून ठाण मांडायच्या. जिना तिकडे आहे, म्हणायच्या. ज्याची बॅग त्याने स्वतःच्या हाताने वर न्यायची. चढवली तर सहलीला चला, नाही चढवली तर जिन्यात बसा, सामान काढा आणि पुन्हा चढा. नवऱ्याने बायकोची उचलायची नाही, मुलाने बापाची उचलायची नाही. एका आजोबांनी गुडघे पुढे केले. बाई म्हणाल्या, "मग बॅग लहान करा. गुडघे घरी ठेवा असं मी कुठे म्हणतेय?"

लोक चिडायचे. पैसे भरून हमाली करायची का, असं तोंडावर म्हणायचे. बाई ढिम्म. तिकडे होडीतून फळीवरून उतरायचं असतं, खाली गुडघाभर पाणी असतं, तेव्हा तुमची बॅग कोण घेणार, माझी सासू? असं विचारलं की निम्मे हसायचे आणि निम्मे जिना चढायला लागायचे.

वर पोचून सगळे धापा टाकत बसले की बाई बोलायला लागायच्या. हातात कागद नाही, पडद्यावर चित्रं नाहीत. नुसता तोंडाचा पट्टा.

"जीन्स काढा. हो, तुमची, निळी, ती वरच दिसतेय. तिकडे भिजली की परत येईपर्यंत वाळत नाही, आणि ओली जीन्स बॅगेत भरली की बाकीच्या कपड्यांनाही वास. पातळ, सुती, सैल, अंगभर कपडे घ्या. अंगभर म्हणजे खांदे झाकलेले, गुडघे झाकलेले. ऊनही लागत नाही, डासही चावत नाहीत आणि प्रार्थनेच्या जागी दारातून परतही फिरावं लागत नाही. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मोठी बॅग भलत्याच देशात गेली तर तुमची साखर तिच्याबरोबर जाणार का? चप्पल पटकन निघणारी हवी. तिकडे कोणाच्या घरात शिरताना चप्पल बाहेर, देवाच्या दारी बाहेर, काही दुकानांतही बाहेर. नाड्या सोडत बसलात तर मागे रांग लागेल आणि शिव्या मला पडतील."

मग आवाज थोडा खाली यायचा. आता वागायचं कसं ते ऐका, म्हणायच्या. माणसाचा फोटो काढायच्या आधी त्याला विचारा, तो काही देखावा नाही. लहान मूल गोड दिसलं म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरवू नका. तुम्हाला माया वाटते, काही ठिकाणी तो अपमान असतो. भाव करा, पण हसत करा, आणि घ्यायचंच नसेल तर करूच नका. कुठे गोंधळ झाला तर आवाज चढवू नका, तिकडे ओरडणाऱ्याचं काम सगळ्यांत शेवटी होतं.

"आणि सारखं उकडतंय, उकडतंय करू नका. ते लोक तिथे राहतात."

असं सगळं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग गेल्या सहलीच्या परतीला, विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यापाशी, एका गृहस्थांची बॅग आली. जाताना ती बॅग नियमाप्रमाणे जिना चढलेली होती. येताना तिच्या पोटात बाजारात घेतलेला अख्खा दगडी खलबत्ता होता. गृहस्थ तोंड धुवायला गेलेले. बॅग पुढे सरकायला लागली तशी बाईंनी हात घातला आणि ओढली. उजवा खांदा निखळला. बाई खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत, आणि गृहस्थ आल्यावर त्यांनी आधी बॅगेचं चाक तपासलं.

खांदा बसवला, हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवला, मग व्यायाम, शेक, तेल. पावसाळा गेला, थंडी आली. डॉक्टर म्हणाले, हात खांद्यापर्यंत येतोय, एवढ्यावर समाधान माना. समाधान हा शब्द बाईंना कधी मानवला नव्हता. त्या सरळ कचेरीत गेल्या आणि पुढची सहल मागितली.

मालक वाईट माणूस नव्हता. त्याच्या वडिलांनी बाईंना कामावर घेतलं होतं आणि तो त्यांना मान द्यायचा. म्हणूनच त्याला बोलायला जड गेलं.

"बाई, आता कचेरीतच बसा ना. शनिवारचं तुमचं बोलणं तसंच चालू ठेवू. सहल दुसरं कोणीतरी नेईल."

"म्हणजे सांगायचं मी आणि बघायचं दुसऱ्याने?"

"तुमचाच नियम आहे," मालक टेबलाकडे बघत म्हणाला. "बॅग चढवता येत नाही त्याने यायचं नाही. लोकांना तुम्ही सूट देत नाही. मी तुम्हाला दिली तर उद्या सगळेच मागतील."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. राग यायचं कारण असं की तो बरोबर बोलत होता. दुसऱ्या कोणी चुकीचं काही बोललं असतं तर बाईंनी त्याला उभा-आडवा घेतला असता. आता आपल्याच शब्दांशी कसं भांडायचं? त्या उठल्या.

"मला सूट नको. शनिवारी मंडळी येतील ना, त्यांच्याबरोबर मीही चढते. नाही चढले तर सोमवारपासून खुर्चीत. तुम्ही म्हणाल त्या."

घरी बाई आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघीच राहायच्या. धाकटी घरीच शिवणकाम करायची आणि थोरलीचा हट्ट लहानपणापासून सोसत आलेली होती. शुक्रवारी जेवणं झाल्यावर बाईंनी नेहमीची बॅग नेहमीसारखी भरली, बंद लावला आणि उचलायला गेल्या. उजव्या हाताने ती जमिनीपासून सुटेना. डाव्या हाताने सुटली, पण दारापर्यंतही जाईना. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कळ अशी आली की त्या बॅगेवरच बसल्या.

धाकटी मशीनवरून बघत होती. "एक सांगू? उद्या आत उशी भर. वर नेऊन दाखव. खरं सामान नंतर भरता येईल."

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की धाकटीने पुन्हा सुईत दोरा ओवायला घेतला, दोरा ओवलेलाच असताना. लोकांना जिन्यात बसवून त्यांची जीन्स काढायला लावायची आणि आपण उशी न्यायची? जीव गेला तरी नाही. बाईंनी बॅग उघडली आणि सगळं पलंगावर उपडं केलं.

धाकटी उठून आली. पातळ सुती शाली निघाल्या, एकीत एक घडी घातलेल्या, ढीगभर. मोज्यांच्या जोड्या. तीन मापांच्या सपाता. छत्र्या. डास पळवायच्या मलमाच्या नळ्या, मीठ-साखरेच्या पुड्या, पट्ट्या, उलटीच्या गोळ्या, वाचायचे जास्तीचे चष्मे.

"यातलं तुझं काय?" धाकटीने विचारलं.

"सगळं माझंच."

"तसं नाही. तुला लागणारं काय?"

बाईंनी आपलं बाजूला काढलं. चार जोड कपडे, टॉवेल, एक छत्री, एक जोड सपाता, औषधाची डबी, साबणाची पिशवी. पलंगाच्या कोपऱ्यात मावलं ते. उरलेल्याने पलंग भरला होता. कितीही सांगितलं तरी कोणीतरी उघड्या खांद्यांनी देवाच्या दारात येतंच, मग शाल लागते. तापलेल्या फरशीवर अनवाणी चालायचं म्हटलं की कोणीतरी रडकुंडीला येतं, मग मोजे लागतात. छत्री कशाला, मी काही साखरेचा नाही, म्हणणारे पहिल्याच सरीत बाईंच्या छत्रीखाली येतात. एवढं सगळं बाईंनी धाकटीला चढ्या आवाजात ऐकवलं, जसं काही तिनेच कोणाचे तरी खांदे उघडे टाकले होते.

"म्हणजे वर बसून तू सांगतेस की हे हे घेऊन या," धाकटी म्हणाली, "आणि खालून तूच सगळं घेऊन जातेस. मग ते कशाला आणतील?"

हे बाईंना कधी सुचलंच नव्हतं असं नाही. सुचलं होतं आणि त्यांनी ते झटकून टाकलं होतं. खरी गोष्ट अशी की त्यांना ते आवडायचं. दारात अडलेली बाई घाबरून मागे वळायची, बॅगबाई बॅगेतून शाल काढायच्या आणि त्या बाईच्या चेहऱ्यावर जे उमटायचं त्यासाठी त्या ते ओझं वाहत होत्या. हे नसलं तर मला कोण विचारणार, ही भीती त्यांना होती. सहल चुकण्याच्या भीतीपेक्षा ती मोठी होती, आणि पलंगावर ती अशी उघडी पडलेली बघून त्यांना स्वतःचाच मनस्वी राग आला. त्यांनी धाकटीकडून कापडाचे मोठे तुकडे मागून घेतले, पलंगभर सामान त्यांत गाठोडी करून बांधलं आणि आपलं तेवढं बॅगेत टाकलं. मग पुन्हा उचलून बघितली नाही. उद्याच काय ते कळू दे, म्हणाल्या.

शनिवारी मंडळी जिन्यापाशी जमली. गाठोडी रिक्षातून उतरवायला धाकटी बरोबर आली होती. लिफ्टसमोर आज खुर्ची नव्हती, दार उघडं होतं, पण आत शिरायची कोणाची हिंमत होत नव्हती. बाईंनी तिथेच जमिनीवर गाठोडी सोडली.

"एकेक शाल घ्या. मोजे आपापल्या मापाचे घ्या. छत्री नसेल त्याने छत्री घ्या. पुड्या, मलम, सगळं वाटून घ्या आणि आपापल्या बॅगेत भरा."

"आम्ही का वाहायचं?" बँकेतून निवृत्त झालेले एक काका पुढे आले. त्यांची आधीची सहलही बाईंबरोबर झाली होती. "मागच्या वेळी तर तुम्हीच द्यायचात सगळं. तीही सोय बंद?"

"बंद."

"हे काही बरोबर नाही बाई. आम्ही तक्रार करू."

"करा की. तिसऱ्या मजल्यावर मालक आहेत. बॅग घेऊन चढा आणि करा."

काकांनी पुटपुटत शाल उचलली. त्यांचं बघून बाकीच्यांनी उचललं. गाठोडी रिकामी झाली आणि बाईंनी आपली बॅग डाव्या हातात घेतली.

पहिला मजला बरा गेला. दुसऱ्यावर डावा हात भरून आला म्हणून त्यांनी बॅग उजव्या हातात घेतली आणि खांद्यातून कळ थेट मानेत गेली. त्या कठड्याला टेकल्या. मागून काका आले, धापा टाकत, आणि राग विसरून म्हणाले, "द्या इकडे. कोण बघतंय?"

"मी बघतेय," बाई म्हणाल्या. "हात लावू नका."

काका तिथेच थांबले. मागची रांगही थांबली, कोणी पुढे जाईना. बाईंना ते थांबणंही नको होतं. चला, चढा, माझी काय राखण करत बसलात, असं त्यांनी दरडावलं आणि बॅग पुन्हा डाव्या हातात घेऊन निघाल्या. आता त्या एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या, आधी बॅग वर ठेवायची, मग आपण. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला डावा हात मोकळा नव्हता, उजवा तिथवर जात नव्हता.

मालक वरच्या दारात उभा होता. बाईंनी बॅग त्याच्या पायांशी ठेवली. त्याने वाकून ती उचलून बघितली आणि चमकला.

"एवढीच? तुमची बॅग तर..."

"माझी एवढीच होती. बाकीची यांची होती, ती यांनी आणलीय."

मालकाने मागून येणाऱ्या माणसांकडे बघितलं. काकांच्या बॅगेच्या खिशातून शालीचं टोक बाहेर लोंबत होतं. मालकाला हसू येत होतं, पण त्याच्या डोक्यातली काळजी काही गेली नव्हती.

"आणि तिकडे गेल्यावर कोणी शाल हॉटेलातच विसरलं, तर? देवाच्या दारात अडवलं, तर काय करणार?"

"तो बाहेर थांबेल."

"आणि तुम्ही?"

बाईंनी दुखणारा हात दुसऱ्या हाताने धरला होता. "इतकी वर्षं नेतेय मी माणसांना तिथे. शाली वाटायच्या, चपला राखायच्या, उशिरा आलेल्यांची वाट बघायची. ते आतून कसं आहे, मला कोणी विचारलं तर सांगता येत नाही. या वेळी मी आत जाणार आहे."

मालक दारातून बाजूला झाला. बाईंनी बॅग उचलली, पुन्हा स्वतःच, आणि आत जाऊन नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. मंडळी धापा टाकत बसायला लागली होती.