इंजनाच्या सहा टोप्या

होळी झाली आणि आमच्या मालकांचं उजवं अंग गेलं. जीभही जड झाली. तोवर हा माणूस राणीसावरगावला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. कुठं गाय अडली, कुठं बैलानं काही खाल्लं, की लगेच फटफटीला किक मारून निघायचा. आता किक मारायचा पायच राहिला न्हाई.

डॉक्टर मला म्हणाले होते, "चालवा यांना. पडून राहिले तर पडूनच राहतील." पण चालवायचं कुठं? देवळात न्यावं तर माणसं बघतात, विहिरीकडं न्यावं तर उतार. मालक फक्त एकाच ठिकाणी जायला तयार होते, अंगणात पत्र्याखाली उभ्या असलेल्या फटफटीजवळ. बाजेपासून अकरा पावलं. मी कशी मोजली म्हणाल, तर डाव्या हातात काठी असली तरी प्रत्येक पावलाचं ओझं माझ्या खांद्यावर होतं, म्हणून. तिथं स्टुलावर बसून डाव्या हातानं फडकं मारायचे अर्धा तास. मग परत अकरा. त्यानंच माझा दिवस उजाडायचा. मग बाकी सगळं होतंच, शेण, पाणी, त्यांची आंघोळ, भाकरी. इतकी दमायचे की झोपेतही माझे हात भांडी घासायचे.

त्या फटफटीच्या इंजनाला बाजूला सहा बोल्ट होते आणि त्यांच्यावर सहा चकचकीत टोप्या, बोराएवढ्या. कामाच्या काही न्हाईत, नुसती शोभा. मालकांनी हौसेनं हैदराबादेहून आणून बसवल्या होत्या. पुसताना बोटानं एक एक चाचपायचे, जपमाळेसारखं.

आता बघा, दसऱ्याच्या आठ दिवस आधी धाकटे दीर एका माणसाला घेऊन आले. त्यानं गाडी चारी बाजूंनी बघितली. दीर मला म्हणाले, हळू आवाजात, पण बाजेवर ऐकू जाईल इतपत, "वैनी, उगं गंजायली ती. गिऱ्हाईक चांगलं हाय." मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा सदरा पण जुना झालाय, त्याला गिऱ्हाईक आणू का?" ते हसून गेले. पण मालक दोन दिवस फटफटीजवळनं उठायला तयार होईनात.

आणि मग मीच घोळ केला.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं घासूनपुसून पुजायची, विळा, कुऱ्हाड, कुळवाची पास. आमच्याकडं फटफटीलाही त्यात धरायचे. मला वाटलं, यंदा यांच्या हातून व्हायचं न्हाई, तर आपणच लख्ख करावं. आदल्या दुपारी उलथन्याच्या टोकानं सहाही टोप्या काढल्या, देवाच्या भांड्यांत टाकल्या आणि चिंच नि राखेनं घासल्या खसाखसा. घासता घासता डोळा लागला हो माझा, बसल्या बसल्या. जागी झाले ती सासूबाईंच्या हाकेनं. घाईत राखेची पाटी उचलली आणि उकिरड्यावर उलटी केली. भांडी मांडताना ध्यानात आलं, टोप्या न्हाईत. चाळण घेऊन उकिरडा चाळला, तर दोन सापडल्या. त्याही घासून घासून निकेल उडून पितळी पडलेल्या.

सकाळी पूजेला मालक माझ्या खांद्याच्या आधारानं अकरा पावलं चालून आले. डावा हात इंजनावर गेला. एक बोल्ट उघडा, दुसरा उघडा. सहाही चाचपले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "इकायलीस?"

मी सगळं सांगितलं, राख, चिंच, उकिरडा. पटलं न्हाई. त्यांच्या मनात आलं, गिऱ्हाईकानं सामान न्यायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी उठवायला गेले तर भिंतीकडं तोंड. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी आजारी पायाला सूज दिसली.

सासूबाईंना बसवलं त्यांच्यापाशी आणि गंगाखेडची एसटी धरली. स्टेशनच्या रस्त्याला फटफट्या दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री होते, मालकांच्या ओळखीचे. पितळी पडलेल्या दोन टोप्या त्यांच्यापुढं ठेवल्या. ऐकून आधी हसले.

"भाभी, इंजन म्हंजे काय देवाची समई हाय? चिंच लावली!"

"हसा भाई, तुमी पण हसा. पण चार द्या."

त्यांनी नटबोल्टांचा डबा जमिनीवर उपडा केला. बराच वेळ दोघांनी निवडलं, तांदूळ निवडावेत तसं. तीन निघाल्या, त्यातली एक जरा उंच. चौथी कुठं न्हाई. मग उठले, बाहेर उभ्या स्वतःच्या गाडीची एक उचकटली आणि माझ्या हातावर ठेवली. "आमच्या बीवीनं अजून इंजन घासलं न्हाई. तोवर घ्या." कागदाच्या पुडीत चिमूटभर ग्रीस दिलं. "आत भरा आणि अंगठ्यानं दाबा. ठोकू नका."

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस ते. कधी बंद पुकारतील आणि एसटी कुठं थांबवतील, भरवसा नसायचा. त्या दिवशी परतीची गाडी स्टँडवरच अडकली. दिवस कलेपर्यंत फरशीवर बसून राहिले, टोप्या पदराच्या गाठीत.

गाडी सुटली ती फाट्यापर्यंतच, पुढं अंधारात चालत घरी पोचले. गाठ सोडली, सहाही वाटीत ओतून त्यांना दाखवल्या. बघितल्या त्यांनी. आणि जड जिभेनं म्हणाले, "गिऱ्हाइकासाठी... नटवायलीस?"

मग माझा तोल गेला. म्हटलं, "अवो, पाय बघा माझे! मी बसवणारच न्हाई. नटवायची तर तुमी नटवा, न्हाई तर टाका उकिरड्यावर. तुमची फटफटी, तुमचं इंजन. मी दमले." वाटी बाजेच्या कडेला आपटली, ग्रीसची पुडी तिच्यात टाकली आणि न जेवता आडवी झाले. सात महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला होता.

पहाटे वाटीतल्या टोप्या खळखळल्या, खिशात गेल्या. मग काठीचा आवाज आला. टक. मग घसटणारा पाय. टक. मी डोळे मिटूनच मोजलं. मधे एकदा इतका वेळ काही ऐकू येईना की मी अर्धी उठले. परत टक. अकरा झाले. स्टूल सरकल्याचा आवाज. मग काहीतरी खाली पडून घरंगळत गेलं आणि मालकांनी इंजनाला एक ठेवणीतली शिवी दिली. एवढी स्वच्छ शिवी होळीपासून ऐकली नव्हती.

"अगं ए! गिरीस कुठाय?"

"पुडीत," म्हटलं, "वाटीतच हाय," आणि कूस बदलली.