इशारा येण्याआधीच वाचलेली मेमरी

दुष्काळाच्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दुपारी, तिसगावच्या आमच्या टेप ऑपरेटरला नगरच्या संगणक खोलीतून हाकललं. अन्याय त्याच्यावर झाला, हे आधी लिहून ठेवतो.

टेपवरचे आकडे थेट मेमरीत उतरतात. टेप चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रॅमनं फक्त जागा नेमून द्यायची आणि ‘उतरले’ असा यंत्राचा इशारा येईपर्यंत त्या जागेला हात लावायचा नाही. वीज जायच्या आत उरकावं म्हणून खोलीच्या साहेबांनी ही थांबण्याची ओळच काढून टाकली. मग प्रोग्रॅम अर्धवट भरलेली जागा वाचू लागला आणि निम्मे आकडे आधीच्या टेपचे निघाले. ठपका मात्र ऑपरेटरवर आला.

“सायेब, टेप बराबर लावली हाय,” तो म्हणाला.

“मग आकडे काय तुझ्या बैलानं खाल्ले?”

मी युनियनचा माणूस; साहेबांना काढलेली ओळ दाखवली. “तू आपली पत्रकं वाटत बस,” म्हणाले. वरच्या प्रत्येक दारात जाऊन आलो, कुणी ऐकेना. तो आता दुष्काळी कामावर खडी फोडतोय, आणि मला पुढचं काही सुचत नाही.

तुम्ही संगणकावर काम करत असाल तर आमचा प्रोग्रॅम मागवा. ती ओळ परत घालून तीच टेप चालवा, निकाल साहेबांच्या टेबलावर आपटा आणि त्याला कामावर घ्यायला लावा.