गळती शोधणाऱ्याचं घर

मी गळती शोधतो. समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात अणुभट्टीभोवती जाड काँक्रीटची इमारत आहे. आत काही बिघडलंच तर ते आतच राहावं म्हणून बांधलेली. ती खरोखर घट्ट आहे का, हे काही वर्षांतून एकदा तपासावं लागतं. भट्टी थांबवायची, दारं लावायची, कॉम्प्रेसरने आत हवा भरायची आणि मग दाब किती उतरतो ते बघत बसायचं. जिथे पाइप आणि केबली भिंतीतून आरपार जातात, तिथे आम्ही बाहेरून साबणाचं पाणी लावत फिरतो. फुगा आला की समजायचं, इथून हवा जाते.

हे सगळं मी एकदा माझ्या बाला, म्हणजे वडिलांना, समजावून सांगितलं होतं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "म्हंजे साबणाचे फुगे काढायचा पगार मिलतोय तुला." मग आठवडाभर डोळखांबच्या बाजारात तो हेच सांगत होता. मला राग आला होता, पण त्याला माझा अभिमान होता हेही खरं. भातकापणी झाली की घर बंद करून वीटभट्टीवर जाणारा माणूस तो. तिथल्या धुळीने आणि धुराने त्याच्या छातीत कायमचा दम भरला.

दम वाढला तेव्हा शहापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, धूळ आणि धूर टाळा. एवढं मला पुरे होतं. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या आमच्या कुडाच्या घराशेजारी मी दोन खोल्या पक्क्या बांधल्या. रस्त्यावरून खडीचे डंपर जायचे, त्यांची धूळ येऊ नये म्हणून सरकत्या खिडक्या बसवल्या, फटींत सिलिकॉन भरलं, दाराखाली रबर लावलं. मग उदबत्ती पेटवून प्रत्येक चौकटीभोवती फिरवली. धूर सरळ वर गेला, कुठेच हलला नाही. मी खूश. आई म्हणाली, "भात शिजला तरी वास भायेर जायाचा नाय." मी हसण्यावारी नेलं. शिकलेल्या माणसाला कोण शिकवणार?

बा त्या खोलीत जेमतेम महिनाभर राहिला. मी सुट्टीवर गेलो तेव्हा तो पलंगावर बसून खिडकीकडे बघत होता.

"मला तिकडं ने," तो म्हणाला. "कुडाच्या घरात. हितं वारा नाय रे."

"तिथे धूळ आहे, बा. पंखा लावलाय ना?"

"पंखा हितलाच वारा फिरवतो."

मी म्हटलं, आमची चाचणी आहे, ती उरकली की येतो, मग बघू. तो "बरं" म्हणाला. त्याने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

चाचणी लांबली. हवा भरली की ती आधी निवू द्यावी लागते, कारण हवा थंड झाली तरी दाब उतरतो आणि उगाच गळतीचा भास होतो. ती निवली, तरी दाब उतरतच राहिला. शेवटी एका झडपेच्या दांड्यापाशी मलाच फुगा दिसला. साहेबांनी पाठ थोपटली. झडप दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. फोन गेटवर जमा असायचे. पाळी संपल्यावर घरी फोन लावला की आई एवढंच म्हणायची, "बरा हाय. झोपलाय."

चाचणी पास झाली त्याच दिवशी निघालो. एसटीतून उतरून पाड्यावर पोचलो, तर पक्क्या घराला बाहेरून कडी. बा कुडाच्या घरात होता. आईने शेजाऱ्यांना बोलावून त्याला खाटेवर उचलून तिकडे नेलं होतं. भुईवर घोंगडी टाकली होती. कुडाची शेणमाती जागोजागी गळलेली, उघड्या कारवीतून ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. तो गाढ झोपला होता.

आणि मला काय दिसलं? फटी दिसल्या. मी त्या मोजायलाही लागलो होतो.

मी आईवर ओरडलो. डॉक्टरांनी काय सांगितलंय, एवढा खर्च कशासाठी केला, सगळं बोललो. आई म्हणाली, "दोन रोज जेवला रे तो हितं. नाचनीची भाकर मागून खाल्ली." माझ्या कानात ते शिरलं नाही. मी बाला उचललं. मोळी उचलावी तसा तो हलका लागला. दाराशी त्याने कारवीची एक काठी धरली. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो माझ्याकडे बघत राहिला. पलंगावर ठेवून मी खिडकी सरकवून बंद केली आणि विचारलं, "आता बरं वाटतंय ना?"

"व्हय," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी त्याच खोलीत बाचा जीव गेला. नंतर डॉक्टर म्हणाले, छातीत काही उरलंच नव्हतं, कुठेही ठेवलं असतं तरी फार दिवस नव्हते. माझं समाधान करायला ते तसं म्हणाले. पण मग ते चार दिवस मी कशासाठी काढून घेतले?

अंगणात तिरडी बांधून झाली. माणसं आत येऊन त्याला उचलायला लागली, तेव्हा कोपऱ्यात बसलेली आई उठली.

"आदी तिकडं न्या," ती म्हणाली. "घडीभर ठेवा. मग न्या कुठं न्यायाचा तो."

कुणीही माझ्याकडे बघितलं नाही, की मला विचारलं नाही. त्यांनी बाला कुडाच्या घरात नेऊन भुईवर ठेवलं. आई त्याच्या उशाशी बसली. मी बाहेर अंगणात उभा राहिलो.