धावपट्टीवरचे पांडव

आमच्या सोलापुरात विमान कधी चुकूनमाकून उतरायचं, पण विमानाच्या इतिहासाचं प्रेम मात्र त्या वर्षी अचानक उतू गेलं. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. खडी फोडणाऱ्यांची कामं संपली आणि शहाण्यांची सुरू झाली.

होटगीच्या अंगाला माळावर इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईतली एक धावपट्टी पडून होती. अर्धी उखडलेली, कडेनं बाभळी माजलेल्या. शेरडं तिच्यावर चरायची आणि शहरातले हौशी लोक तिथं स्कूटर शिकायला जायचे. या पट्टीचा वारसा जपला पाहिजे असं ज्यांच्या मनात आलं, ते एक वकीलसाहेब होते. मी ज्या शाळेत मास्तरीण होते, तिच्या कमिटीवरही तेच. त्यामुळे त्यांच्या मनात आलेलं सगळं आमच्याही मनात आलंय असं धरून चालायचं.

त्या पट्टीशी आमच्या घराचं नातं जुनं. लढाई सुरू झाली तेव्हा माझी अव्वा, म्हणजे आई, नवी नवरी होती. पट्टीच्या शेवटच्या टोकाखाली जे आहे ते आमचं शेत. ज्वारी हुरड्यात आलेली, आणि जीपगाडीतून साहेब आले. "लढाई संपली की परत मिळेल," म्हणाले. उभी ज्वारी कापली, विहीर बुजवली, वर खडी दाबली. लढाई संपली, साहेब गेले, आणि परत द्यायचं तेवढं राहून गेलं. वडील गिरणीत लागले. विसरायला सरकारला काही लागत नाही हो, माणसालाच जड जातं.

अव्वा विसरली नाही. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अवसेला येळवस करतात. शेतात जायचं, कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायचे. ते पाच पांडव. शेजारी जरा धाकटा सहावा, ती द्रौपदी. पुजून झालं की आंबील शेतभर शिंपडायची आणि भाज्या-दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे तिथंच बसून खायचे. शेत गेलं म्हणून अव्वानं येळवस सोडली नाही. दरवर्षी डोक्यावर पाटी घेऊन जायची, धावपट्टीच्या टोकाला आपल्या बांधाच्या जागी पांडव मांडायची आणि खडीवर आंबील शिंपडायची. खोप शेरडं खाऊन टाकायची, दगड तिथंच राहायचे.

आता वारसा जपायला वकीलसाहेबांनी काढलेलं मंडळ. उन्हाळ्यात हे सगळे डबे बांधून संशोधनाला गेले. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन झाल्यावर हात धुवायला म्हणून कडेला गेले, तर समोर ओळीनं पाच पांढरे दगड, बाजूला एक धाकटा! झालं. दुसऱ्या दिवशी शाळेत साहेब नुसते उसळत होते. म्हणाले, "बाई, वैमानिकांसाठी केलेली खूण आहे ती! आज इतक्या वर्षांनीसुद्धा चुना जागच्या जागी!"

नारळाएवढे दगड हो. ढगातून येणाऱ्या माणसाला ते दिसणार म्हणजे त्यानं विमानाच्या खिडकीतून मान काढून भिंगच लावायला हवं. आणि चुना म्हणे लढाईपासून टिकला. आमच्या घराला दर दिवाळीला द्यावा लागतो, तो बिचारा मग कुठल्या जातीचा चुना होता कोण जाणे.

"साहेब," मी म्हटलं, "ते आमच्या अव्वानं मांडलेले पांडव आहेत. येळवशीचे."

साहेब समजूतदारपणे हसले. असं हसणारा माणूस मला डोळ्यासमोर नको होतो. "बाई, इतिहासात भावना आणू नयेत. पांडव पाच. इथं दगड सहा आहेत."

"सहावी द्रौपदी."

"सहावा दगड लहान आहे आणि बाजूला आहे. म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवायला." मंडळाच्या बैठकीत हे एकमतानं मंजूर झालं. पांडवांनी वनवास भोगला, अज्ञातवास भोगला, ही नोकरी तेवढी राहिली होती.

पुढं सगळं झपाट्यानं झालं. दगडांना चुना खालच्या दर्जाचा दिसतो म्हणून पांढरा ऑइलपेंट दिला. भोवती काटेरी तार घातली, लोखंडी फाटक लावलं, फाटकाला कुलूप. दिवाळीनंतर पाहुणे आणून उद्घाटन केलं. आमच्या शाळेच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं, पेटी मीच वाजवली. पाहुण्यांनी भीमाच्या गळ्यात हार घातला आणि अनाम वीरांना वंदन केलं. मी पेटीचा भाता दाबत खाली बघत होते, हसू आलं असतं तर नोकरी गेली असती. पण खरं सांगते, हसू फार वेळ टिकलं नाही. येळवस महिन्यावर आली होती, आणि अव्वाला हे सांगायचं कसं, ते मला कळत नव्हतं.

सांगितलंच नाही. नुसती तिच्याबरोबर गेले. पाटी तिच्या डोक्यावर, चुन्याचा डबा आणि कुंचा माझ्या हातात. लांबूनच ती थांबली.

"तार कुनी घातली गं?"

"मंडळानं. दगड जपायला."

"माझं दगड?" तिला आधी बरंच वाटलं. "चांगली मानसं हायती की! शेरडं लई तरास द्यायची." फाटकापाशी जाऊन तिनं कुलूप हलवून पाहिलं. मग म्हणाली, "किल्ली कुनाकडं?"

"वकीलसाहेबांकडं."

फाटकाच्या बाजूला मोठी काळी पाटी होती, तिच्यावर पांढरी अक्षरं. अव्वाला वाचता येत नव्हतं. कानडी नाही, मराठीही नाही. "काय लिवलंय वाच."

मी वाचलं. लढाईच्या काळातली धावपट्टी, वैमानिकांसाठीच्या खुणा, कृपया हात लावू नये.

"आमचं नाव हाय?"

"नाही."

"नसंना का. शेत हुतं, एवढं तरी हाय का न्हाय? हीर हुती म्हनून?"

खोटं सांगता आलं असतं. तिला कुठं कळणार होतं? पण त्या साहेबाचं पाप मी का झाकू? मी ती ओळ जशीच्या तशी वाचली. "धावपट्टी होण्यापूर्वी येथे केवळ ओसाड माळ होता."

अव्वानं पाटी डोक्यावरून खाली ठेवली. तिचा चेहरा मी आजवर विसरले नाही. जमीन गेली तेव्हाचं ती सांगायची ते रडत नाही, चिडून सांगायची. आत्ता मात्र तिचे डोळे भरले. "ओसाड?" ती म्हणाली. "हुरडा हुता गं. उभा हुरडा हुता. जीपमदल्या सायबानं सुदा मूठभर मागून खाल्ला की."

मग तिनं तारेतून हात घालून आंबील शिंपडली. जितकी पोचली तितकी. तिचं मनगट काट्यानं ओरखडलं, ते तिनं पदराला पुसलं. पूजा तेवढ्यावरच झाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चुना आन हिकडं."

"अव्वा, दगड आत आहेत."

"दगडाला कुटं लावतीया? ती वळ कुटली? बोट ठेव."

माझी नोकरी त्या कमिटीच्या हातात होती. वकीलसाहेब काय म्हणतील, हे मला तोंडपाठ होतं. मी बोट ठेवलं.

तिनं डावीकडून उजवीकडं नीट एक हात मारला, घराच्या भिंतीला देतात तसा. चुना ओला असेपर्यंत खालची अक्षरं दिसत राहतात. म्हणून आम्ही तिथंच पाटीसमोर फडकं अंथरून बसलो. भज्जी वाढली, उंडा मोडला. 'ओसाड' हा शब्द थोडा जाड काढला होता, त्याला वेळ लागला. अव्वानं उठून त्याच्यावर आणखी एक हात दिला.

ऊन चांगलं होतं. जेवण होईतो पाटीवर तेवढी एक रिकामी पांढरी पट्टी उरली होती.

"आता कोन तरी इचारंल," अव्वा म्हणाली, "हितं काय हुतं म्हनून." आणि तिनं मला दुसरा उंडा वाढला.