डाव्या हाताची चरखी

पाशाभाईच्या अंगावरून वारं गेलं तवा गल्लीतली माणसं कशी धावत आल्ती ते मी पाह्यलं, अन् नंतर एकेक कशी गळाली ते बी पाह्यलं. माझी पिठाची गिरणी त्याच्या ओट्यासमोरच हाय, मंठ्यात. दिवसभर पट्टा फिरतो, पीठ उडतं, पण डोळे तर उघडेच राह्यतात नं. लोक म्हणतात, बेबीनंदाची जीभ लई चालते. चालते! ज्याला सोसत न्हाई त्यानं दुसरीकडं दळावं.

पाशामियाँ म्हंजे गाद्या भरणारा माणूस. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लेकींच्या लग्नाच्या गाद्या त्याच्या हातच्या. पण जुम्मा आला की नमाज झाल्यावर दुकानाला कुलूप, अन् स्वारी गळ घेऊन तळ्यावर. सोबतीला दोन रिकामटेकडे. एक कडूबाभाऊ, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, अन् दुसरा कचरू, पंक्चरवाला. तिघं मिळून मासे किती आणायचे ते देवाला ठाऊक. पाशाभाईची बायको मैमूनाभाबी हसायची, "तीन मर्द गये, एक मछली लाये, वो बी बाजार की!"

मागच्या ईदला त्यांचा पोरगा अतिक पुण्याहून गळाची नवी काठी घेऊन आल्ता. काळी, चकचकीत, वेताहून हलकी. पण नुसतीच काठी. तिच्यावर दोरी गुंडाळायची चरखी त्यानं मुद्दाम आणली न्हवती, ती अब्बा त्यांच्या पसंतीनं घेतील म्हणे. जुनी चरखी होती, पण ती जुन्या बांबूच्या काठीची, नव्या काठीला बसंना. काठी पाण्याला लागायच्या आतच पाशाभाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं.

पहिल्यांदा गर्दी. फळं काय, दुवा काय, जालन्याच्या डॉक्टरचे पत्ते काय! मंग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले. पाशाभाई ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत एकटा. कडूबाभाऊ सायकलवरून जाताना हात दाखवायचा, खाली उतरायचा न्हाई. आजारी माणसापाशी बसून बोलायचं काय, हाच त्याचा सवाल. अरे, बोलायचं काय म्हंजे? तळ्यावर दिवसदिवसभर काय बोलत होते मंग?

एक दिवस पाशाभाईनं त्याला ओट्यावरून हाक मारली. बोलणं अडखळत होतं, पण आवाज खणखणीत. "कडूबा! काठी पडी है ऐसीच. इसको चरखी कौनसी बैठेगी, जरा देख तो."

झालं. सायकल भिंतीला लागली. कडूबाभाऊनं काठी हातात घेतली, वाकवून पाह्यली, मुठीपाशी चरखी बसते ती खाच पाह्यली. कचरूला बोलावणं गेलं. त्यानं मोबाईलवर चरख्या काढल्या. ही मोठी, ही लहान, हिच्यात दोरी कमी मावते, हिचा पाय खाचेत बसायचा न्हाई. दिवेलागणीपस्तोर तिघांचा कालवा. मैमूनाभाबीनं दोनदा चहा टाकला.

मंग रोजचंच झालं. पाशाभाईचं म्हणणं, काठीला चरखी वजनानं बराबर पाह्यजे. भारी झाली तर मनगट दुखतं, हलकी झाली तर काठीचं तोंड खाली पडतं. तेवढ्यापायी मेले माझ्याकडं यायला लागले. "बेबीनंदा, जरा काटा दे. बेबीनंदा, मूठभर गहू दे." चरखीचं जेवढं वजन मोबाईलवर लिव्हलेलं, तेवढे गहू मोजून फडक्यात बांधायचे, ते गाठोडं काठीच्या मुठीशी लटकवायचं, अन् काठी पाशाभाईच्या डाव्या हाताच्या बोटावर आडवी ठेवायची. ती झुकली की तिघं बी एकदम "च्यक्!" अन् आडवी थांबली तरी पाशाभाई डोळे मिटून मान हलवायचा. "नक्को. थोडी भारी है."

काय एकेक खोड काढायचा! हिची मूठ बारीक. तिचा रंग मछली को दिखता. मी गिरणीतून वरडायचे, "पाशाभाई, नवरी बघून राह्यलात का चरखी?" तो वाकड्या तोंडानं हसायचा. लई हसायचा त्या दिवसांत. भाबी मला म्हणाली, घास बी दोन जास्त जातात म्हणून.

पण भलं करायची खाज असते नं काही माणसांना. कडूबा अन् कचरूनं ठरवलं, हा म्हातारा असाच घोळ घालत बसंल, आपणच वर्गणी काढून चरखी मागवू. गुपचूप मागवली. मागवताना मोबाईलनं इचारलं, उजव्या हाताची का डाव्या हाताची? दोघं बी लई हुशार! पाशाचा डावाच हात चांगला हाय, मंग डाव्याचीच घ्या.

खोकं आलं त्या दिवशी मला बी बोलावलं. मी पट्टा बंद करून गेले. कचरूनं चरखी खाचेत बसवली, पेच आवळला, काठी पाशाभाईच्या बोटावर ठेवली. काठी तशीच थांबली, बिलकुल आडवी. कडूबाभाऊ टाळी वाजवून म्हणाला, "आता सांग भारी हाय म्हणून!"

पाशाभाईचा चेहराच उतरला.

"फिरव की!" कचरू म्हणाला.

पाशाभाईनं डाव्या हातात काठी धरली. चरखीची मूठ डावीकडं. कुणी फिरवायची? काठी धरायला एक हात अन् चरखी फिरवायला दुसरा, एवढं तर लहान लेकराला बी कळतं. पण इतके दिवस तिघांनी वजन पाह्यलं, खाच पाह्यली, रंग पाह्यला, अन् हात मोजायचं ह्या दोघांच्या ध्यानातच आलं न्हाई. पाशाभाईचा उजवा हात मांडीवर पडलेला, गादीतून काढलेल्या जुन्या कापसावानी.

कडूबाभाऊ हळूच म्हणाला, "पाशा, तुला ठावं होतं?"

"हौ," पाशाभाई म्हणाला. "एक हात की चरखी कौन बनाता रे?"

कचरूनं खोकं उचललं, परत खाली ठेवलं. मंग कामाचं निमित्त सांगून दोघं बी गेले. चहा तसाच राह्यला.

मी भाबीला आत गाठलं. "भाबी, तुमाला बी ठावं होतं?"

ती कपातला चहा परत पातेल्यात ओतून राह्यली होती. "पहले दिन से. बेबी, चरखी किसको चाहिए थी? वो आके बैठते थे ना."

दुसऱ्या दिवशी ते दोघं आले न्हाईत. तिसऱ्या दिवशी बी न्हाई. मी तणतणत कडूबाभाऊच्या घरी गेले. तो खाली मान घालून म्हणाला, "कसं तोंड दाखवू? त्याची चेष्टा केल्यावानी झालं." मी म्हणलं, आग लागो तुमच्या लाजेला, तो वाट पाहून राह्यला! हो हो म्हणाला. आला न्हाई.

एका संध्याकाळी कडूबाभाऊची सायकल गल्लीत शिरली. पाशाभाईनं दुरूनच पाह्यली. काठी मांडीवर घेतली, बोटावर ठेवायला गेला, ती घसरली, परत ठेवली. अन् सायकल ओट्यासमोर आली तसा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा वरडला, "कडूबा! ये बी बराबर नै रे! थोडी भारी है! दूसरी देखनी पडेगी!"

सायकल हळू झाली. मला वाटलं, उतरला. कडूबाभाऊनं घंटी वाजवली, हात दाखवला अन् कोपऱ्यावरून वळून गेला. पाशाभाई त्या कोपऱ्याकडं पाहत राह्यला. भाबीनं येऊन काठी काढून घेतली तवा त्यानं ती सोडली.

थंडी सुरू व्हायच्या आत दुसऱ्यांदा वारं गेलं. ह्या वेळी जालन्याला न्यायची बी गरज पडली न्हाई.

जनाज्याला मात्र दोघं बी हजर. कडूबाभाऊनं तर घरापासून कब्रस्तानापस्तोर खांदा सोडला न्हाई म्हणे. परत येऊन ओट्यावर टेकला, नेमका आपल्या जुन्या जागेवर. मला ऱ्हावलं न्हाई. मी गिरणीतून उठून समोर जाऊन उभी राह्यले.

"काय कडूबाभाऊ, खांद्यावर घेतलंत. वजन बराबर होतं का?"

त्यानं वर पाह्यलं.

"हलका होता गं," म्हणाला. "लई हलका होता."