खालच्या विभागात गेलेला क्लब

पहिल्या वर्षाला इंग्रजीत नापास झाले आणि मी कॉलेज सोडायचं ठरवलं. तेव्हा आमच्या गावी, जांब्यात, आमच्या एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या इंजिनियरने मला त्याच्या आवडत्या, इंग्लंडमधल्या जुन्या फुटबॉल क्लबच्या इतिहासाचं पुस्तक दिलं. संध्याकाळी ओट्यावर बसून मी ते अडखळत वाचायची आणि वडिलांना, म्हणजे आप्पांना, मराठीत सांगायची.

गिरणी कामगारांनी शनिवारच्या अर्ध्या सुट्टीत खेळायला तो क्लब काढला होता. आप्पांनी लगेच विचारलं, "जागा कुणाची व्हती?" भाड्याची म्हटल्यावर ते हळहळले.

पुढे क्लब इतके सामने हरला, की त्याला स्पर्धेच्या वरच्या विभागातून काढून खालच्या विभागात टाकलं.

"मंग बंद पडला?"

"नाही आप्पा. माणसं तरीही दर शनिवारी सामना बघायला यायची."

आप्पा तंबाखू मळायचे थांबले. "अख्खा क्लब नापास झाला, तरी बंद न्हाई पडला. आन तू येका पेपरापायी घरी बसतीस व्हय? लई शहाणी हायेस!"

दुसऱ्या दिवशी तेच मला मोटारसायकलवरून परीक्षेचा फॉर्म भरायला घेऊन गेले. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. इंजिनियर कधीच खोली सोडून गेला, पण आप्पा अजून मधूनच विचारतात, "काय गं, आपला क्लब औंदा कितवा आला?"