पायापुरता उजेड

मिणमिणे मामा कुणाच्याही बागेत चपला घालून शिरत नसत. फाटकाशी थांबायचे, चपला काढून कुंपणाच्या कडेला नीट जोडीनं ठेवायचे आणि ओल्या मातीतून अनवाणी एक फेरी मारायचे. बरं, हा माणूस झाडांना पाणी घालायला नव्हे, विजेचे दिवे बसवायला आलेला! आमच्या न्हावरे गावातल्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मी ओट्यावरून ओरडलेच, "अहो मामा, चपला घाला, काहीतरीच काय!" तर शांतपणे म्हणाले, "ताई, झाडांना पानी घालनारा मानूस बूट घालून घालतो व्हय? तो जसा चालतो तसा आधी मी चालून बघनार. मग तुमचं ऐकतो."

मामा दौंडचे. सारा जन्म एका साखर कारखान्यात वायरमन म्हणून गेलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी मोठ्या विजेचा नाद सोडला आणि लोकांच्या अंगणात, बागेत बारा व्होल्टचे छोटे दिवे बसवायला लागले. "जन्मभर चारशेचाळीसशी झटापट केली, आता बाराशी गप्पा मारतो," असं म्हणायचे. त्यांचे दिवे इतके मंद असत, की पाटसपासून शिरूरपर्यंत लोकांनी त्यांचं नावच मिणमिणे मामा पाडलं होतं. दुसरा कुणी चिडला असता. मामा फोन उचलून स्वतःच म्हणत, "हां, मिणमिणे बोलतोय."

आता आमच्या घराचं सांगते. आई गेल्यापासून घरात मी आणि आबा, दोघंच. आबा म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. घाटातून, पावसातून, रात्रीबेरात्री गाडी काढलेला माणूस. निवृत्तीनंतर त्यांनी घरापुढच्या दीड गुंठ्यात मोगरा, जास्वंद, अबोली, कढीपत्ता असं काय काय लावलं आणि रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला नळी घेऊन पाणी घालायला उतरायचे. पुढं डोळ्यांना काचबिंदू झाला. बाजूचं दिसेनासं झालं, समोरचं तेवढं एखाद्या नळीतून बघावं तसं दिसायचं. दिवस कलला की तेही अंधुक. एकदा पायरीवर अडखळले आणि मी ठरवलं, बागेत दिवा पाहिजे. माझ्या मनात एकदा आलं की ते संध्याकाळपर्यंत झालंच पाहिजे, हा माझा जुना रोग आहे.

गावातला वायरमन बोलावला आणि फाटकाच्या खांबावर चांगला मोठा फोकस लावायला सांगितला. तो म्हणाला, वायर न्यायची तर बाग थोडी उकरावी लागेल. मी फाडकन म्हणाले, "आबांच्या झाडांना कुदळ लावायची नाही." मग त्यानं तोड काढली. "म्याडम, यकच वायर वरनं आनतो. दुसरीच्या जागी जास्वंदीपाशी सळई ठोकतो, अर्थिंगवर पेटंल." आमच्याकडे हे सर्रास चालतं. कुणाच्या गोठ्यातला बल्ब, कुणाच्या विहिरीवरचा दिवा, सगळे असेच जमिनीच्या भरवशावर जळतात. मी हो म्हणाले. मी, जी शिरूरच्या शाळेत आठवीच्या पोरांना दरवर्षी विद्युत परिपथ शिकवते! फोकस लागला, सगळी बाग पांढरीफटक उजळली आणि मी खूश झाले.

पंधरा दिवसांनी आबा म्हणायला लागले, "सुमन, बागेत गेलं की पायाला मुंग्या येत्यात गं." मला तर सगळंच कळतं ना! लगेच निदान केलं, साखर वाढली. तपासणी केली तर साखर काठावर निघाली, आणि मग माझ्या अंगात वारंच शिरलं. चहा बिनसाखरेचा, पेढ्यांचा डबा कपाटात कुलुपात. वर म्हातारपणी बोलणी, "चोरून काय खाता ते खरं सांगा." बिचारे गप्प ऐकून घ्यायचे. शेवटी एक दिवस म्हणाले, "माझं पाय गेलं आता," आणि बागेत जाणं सोडलं. संध्याकाळ झाली की ओट्यावरच्या खुर्चीत पाठ टेकून बसायचे, फोकसकडे हात आडवा धरून. झाडांना मी चपला घालूनच घाईघाईनं पाणी मारायचे, ते कुठं पडतंय हे न बघता. पुढं पुढं तर घरातल्या घरात चालतानाही त्यांनी माझा खांदा धरायला सुरुवात केली. ते मला बघवेना. त्यांनी पुन्हा आपल्या पायांनी त्या बागेत उतरावं, याशिवाय मला दुसरं काही नको होतं. म्हणून शाळेतल्या एका बाईंकडून मामांचा नंबर घेतला.

मामा दारात आले तेच "जय भीम" म्हणत. आबांनी खुर्चीतूनच खणखणीत "जय भीम" घातला. मग ती अनवाणी फेरी सुरू झाली. मोगरा झाला, अबोली झाली, आणि जास्वंदीपाशी मामांनी पाय असा झटकन वर घेतला. "ताई, फोकस चालू हाय काय?" मी त्यांना दाखवायला म्हणून मुद्दाम लावून ठेवला होता. "बंद करा." बंद केला. त्यांनी पाय टेकवला. "आता लावा." पुन्हा पाय वर. मी खाली उतरायला लागले तर हातानंच थांबवलं, "तुमी तितंच थांबा, माती वली हाय." खिशातून टेस्टर काढून त्यांनी सळईला लावला. टेस्टर लालसर पेटला. "ह्याची दुसरी वायर कुठं गेली?" मी जमिनीकडे बोट दाखवलं. मामा एक शब्द वावगा बोलले नाहीत. पायरीशी येऊन हळू आवाजात एवढंच विचारलं, "घरात कुनाच्या पायाला मुंग्या येत्यात का हो?"

मी वळून ओट्यावरच्या आबांकडे बघितलं.

मेन स्विच पाडून मामांनी तो फोकस उतरवला, सळई उपटली आणि सगळं मुकाट्यानं एका कोपऱ्यात ठेवलं. मी आपली पुटपुटत होते, पण मामा, उजेड तर लागेल ना, त्यांना दिसत नाही. त्यावर मामांनी मला दोन्ही मुठींच्या नळ्या करून डोळ्यांना लावायला सांगितल्या आणि पिशवीतली मोठी बॅटरी माझ्या तोंडासमोर धरून म्हणाले, "उतरा पायऱ्या." दुसऱ्याच पायरीला मी धडपडले. समोर नुसता पांढरा लोळ, पायाखाली काळोख. "उजेड डोळ्यात न्हाई पायजे, पायात पायजे," मामा म्हणाले, "आन् तो बी पायापुरता." इतकी वर्षं शिकवतेय, पण त्या दिवशी मामांनी माझा तास घेतला.

दुसऱ्या दिवशी ते लाकडाच्या दहा-बारा खुंट्या घेऊन आले. आबांसमोर बसून म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, एसटीच्या लायटीला किती व्होल्ट असत्यात?" आबांनी पडल्या आवाजात उत्तर दिलं, "चोवीस." "मी तुमाला निम्मं देनार हाय. बाराचं. वायर तुटली, पान्यात पडली, तुमी तिच्यावर उभं ऱ्हायलात तरी काय होनार न्हाई." आबा जरा हलले. मग मामांनी त्यांना आपला दंड धरायला देऊन उतरवलं आणि जिथं जिथं आबांचा पाय अडला, जिथं ते चाचपडले, तिथं तिथं खुंटी ठोकली. मी वरून बघत होते. खुंट्या कशाही, वेड्यावाकड्या. न राहवून म्हणाले, "मामा, एका ओळीत घ्या ना, बघायला बरं दिसेल." मामांनी मान वर न करता उत्तर दिलं, "ताई, ही शाळेची रांग न्हाई. मानूस अडतो तितं दिवा."

वायर त्यांनी झाडांच्या मुळांना वळसा घालत वीतभर खोल पुरली. झाडाला धक्का लागला नाही. मी विचारलं, हे उथळ नाही का, तर म्हणाले बाराच्या वायरीला एवढं पुरे, आणि चुकून खुरपं लागलं तरी दिवे जातील, माणूस जाणार नाही. दिव्यांवर पाइपाचे वळणदार तुकडे, ते एल्बो, काळे रंगवून टोपीसारखे बसवले, म्हणजे उजेड फक्त खाली सांडावा. लांबचे दिवे आणखी मंद पडू नयेत म्हणून घरची वीज बारावर उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर मधल्या खिडकीशी बसवला. हे सगळं करताना आबांशी गप्पा चालूच. कुठल्या घाटात कुठलं वळण फसवं, कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ कसं लावायचे, असलं काहीबाही. आबा बऱ्याच दिवसांनी हसले.

तिसऱ्या दिवशी काम संपलं. दिवस मावळायला आला होता. मी म्हणाले, "मामा, टाका स्विच." मामा पायरीवर बसले आणि हात पुसत म्हणाले, "न्हाई. आधी त्यांना खरं सांगा."

"काय खरं?"

"ते दिव्याबिगर बसल्यात का? ते बसल्यात पाय गेलं म्हनून. पाय न्हाई गेलं, सळईत करंट हुता. हे त्यांना कुनी सांगितलं?"

मी खाली बघत म्हणाले, "तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकतात ते."

"माझी चूक असती तर मीच सांगितली असती." मग वायरचा एक तुकडा बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "कामावर असताना माझ्या हातनं एक जोड ढिला ऱ्हायला हुता. जोडीदाराचा हात भाजला. तो सगळ्यांना सांगत हिंडला, मीच बावळट, माझंच ध्यान नव्हतं. आन् मी गप बसलो. तो रिटायर होस्तवर सोताला बावळट समजत ऱ्हायला. आता तो बी न्हाई. कुनाला सांगू?"

मला चूक कबूल करता येत नाही. वर्गात खडूनं चुकीचं लिहिलं तरी मी 'बघत होते कुणाच्या लक्षात येतंय का' म्हणून वेळ मारून नेते. तरी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, दहा पावलांवर बसलेल्या आबांकडे गेले. आबांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि सांगून टाकलं. फोकस मी लावला, सळई मी ठोकू दिली, मुंग्या त्या करंटच्या होत्या, आणि वर तुम्हालाच बोलले. रडू येत होतं तरी सगळं सांगितलं.

आबांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग अंगठे हलवून पाहिले. "म्हंजी, माझं पाय चांगलं हायत?"

"चांगले आहेत, आबा."

"आन् पेढा?"

"अर्धा."

"वायरमन!" आबा अशा आवाजात गरजले की बस स्टँडवरून सुटावी. "टाका स्विच!"

दिवे लागले. मिणमिणेच. पायरीपायरीवर ताटाएवढा पिवळा उजेड, मग जरा काळोख, मग पुन्हा ताटाएवढा उजेड. आबा उतरले. एका उजेडातून दुसऱ्या उजेडात पाऊल टाकत, कुणालाही न धरता, जास्वंदीपर्यंत गेले. मी दोन पावलं मागं होते, हात पुढं करून. मामा मात्र पाठमोरे उभे राहून हत्यारं पिशवीत भरत होते. मी पिठलं-भाकरी करते म्हटलं, तर "चौफुल्याची गाडी जाईल" म्हणून निघालेसुद्धा.

त्यानंतर मामा आमच्याकडे कामासाठी कधी आले नाहीत, पण फोन यायचा. दिवे जळतात का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. "ड्रायव्हरसाहेब चालत्यात का?" एवढंच. मग मी फोन आबांच्या हातात द्यायचे आणि अर्धा तास माझं घरात काही काम नसे. मी आता आठवीला परिपथ शिकवताना आधी माझीच गोष्ट सांगते. पोरं खो खो हसतात. हसू देत. पण घरी जाऊन बघतात. न्हावऱ्यातल्या तीन घरांच्या सळया तरी निघाल्या आहेत.

यंदा दिवाळीनंतर एका संध्याकाळी मामांच्या लेकीचा फोन आला. मामा सकाळी गेले. छातीत दुखलं म्हणाले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आबा ओट्यावर पेपर मांडीवर घेऊन बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं. त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग उठले. मीही सवयीनं उठले, "थांबा आबा, मी येते."

"तू बस. मला वायरमनशी जरा एकट्याला बोलायचंय."

मी बसले. आबा पायऱ्या उतरले आणि बागेच्या पार टोकाला गेले. मी गेले नाही त्यांच्यामागं. पदर तोंडात धरून ओट्यावरच बसून राहिले. तिकडून आबांचा आवाज आला, नेहमी फोनवर बोलायचे तसा, जरा मोठ्यानंच.

"चालतोय हो मी, वायरमन. चालतोय."